पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते. काय करावं?

तुमचा डेस्कटॉप पावसाळ्यात महिनाभर बंद होता आणि आता बटण दाबल्यावर पंखा फिरतो, मॉनिटरवर मात्र काहीच येत नाही. पंखा फिरतोय म्हणजे पॉवर सप्लाय निदान पूर्ण मेलेला नाही. माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे आत खाचेत बसवलेल्या मेमरीच्या कार्डावर. साताऱ्याच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते, की रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो आणि संपर्क नीट होत नाही. आमच्याकडे दर श्रावणात हेच व्हायचं.

प्लग काढा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे साठलेली वीज उतरेल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मगच आत जा. क्लिपा उघडून रॅम काढा, पट्ट्या पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, चुरा झटका आणि 'टक्' आवाज येईपर्यंत परत दाबा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. घाई करू नका, बहुतेक वेळा इथेच काम होतं.

वेगळं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवर चित्र पाठवणारं कार्ड) असेल तर मॉनिटरची केबल त्यालाच हवी. सुरू झाल्यावर तारीख मागे गेलेली दिसली तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदला. पॉवर सप्लायचा डबा मात्र अजिबात उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज असते.

तरीही नाही झालं, तर दुकानात देताना 'मला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका' असं स्पष्ट सांगा. फॉरमॅट केलं की सगळं पुसलं जातं, आणि घरचे फोटो त्यातच असतात.