नव्या लिपिकाने सुरुवातीला काय सांभाळावे

लिपिक पदावर रुजू झाल्याबद्दल मनापासून अभिनंदन. नियमांचे बारकावे पुढे कळतीलच. आधी कार्यविवरण नोंदवही रोजच्या रोज लिहा, कारण आलेला प्रत्येक कागद तिथे नोंदला गेला की ‘माझ्याकडे आलाच नाही’ असे म्हणण्याची वेळ येत नाही. महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या २००५ च्या विलंब प्रतिबंध कायद्यानुसार धारिका (फाईल) एकाकडे सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक थांबू नये.

नवखे दोन चुका हमखास करतात:

- चूक लपवतात. मी एकदा टिपणीत गट क्रमांक चुकवला होता. त्याच दुपारी साहेबांना सांगितल्यामुळे पत्र जाण्याआधी तो दुरुस्त झाला.
- अर्जदाराला नुसते ‘उद्या या’ म्हणतात. कोणता कागद कमी आहे ते लिहून द्या. गावाहून एसटीने आलेल्या माणसाची एक खेप वाचते.