किमतीवर काय अवलंबून, आणि किंमत कशावर?

प्रश्न: मी इंदूरला घरूनच महेश्वरी साड्या विकते. मागच्या महिन्यात परदेशातल्या एका बाईंना इंग्रजीत लिस्ट पाठवली, त्यात सगळ्यात वर लिहिलं, 'क्वालिटी इज डिपेंडिंग ऑन प्राइस'. लगेच त्यांचा मेसेज, म्हणजे स्वस्तातली साडी खराब असते का? मला तर एवढंच सांगायचं होतं की जरीचं काम जास्त तर भाव जास्त. चुकलं कुठे?
एक वाचक, इंदूर

उत्तर: ताई, शब्द बहुतेक बरोबर आहेत पण वाक्य उलटं टांगलं गेलंय. डिपेंड शब्द लॅटिनमधून आलाय, मूळ अर्थ खाली लटकणं, गळ्यातलं पेंडंट पण त्याच घरातलं. वाक्यात जे आधी येतं ते लटकणारं आणि 'ऑन'च्या नंतर येते ती खुंटी. तुम्ही खुंटी केली किमतीची आणि तिला क्वालिटी अडकवली, मग वाचणाऱ्याने काय समजायचं, पैसे कमी तर माल हलका. समोर गिऱ्हाईक बसलेलं असतं तेव्हा आपण 'जसा भाव तसा माल' म्हणतो ते चालून जातं, कारण साडी हातात असते, पदर उलगडून दाखवता येतो. लिहिलेल्या ओळीच्या शेजारी कोणी बसलेलं नसतं हो.

तेव्हा आधी किंमत लिहा: 'द प्राइस डिपेंड्स ऑन द यार्न अँड द जरी'. 'इज डिपेंडिंग' नको, नुसतं 'डिपेंड्स'. आपण मराठीत 'अवलंबून आहे' म्हणतो म्हणून तो 'इज' हातातून आपोआप उतरतो, पण ही काही आत्ता चालू असलेली क्रिया नाही, कायमची गोष्ट आहे.

खरं सांगू का, मला नुसतं 'डिपेंड्स' पण अपुरं वाटतं. त्यात संबंध आहे एवढंच कळतं, भाव कुठल्या बाजूला जातो ते कळत नाही. तुमचं 'जरीचं काम जास्त तर भाव जास्त' इंग्रजीत सरळ येतं: 'द मोर जरी इन द बॉर्डर, द हायर द प्राइस'. आपलं जितकं-तितकंच आहे ते. आणि त्याच्या खाली साडीत काय आहे ते लिहा, ताणा (उभे धागे) रेशमी आणि बाणा (आडवे धागे) सुती की दोन्ही रेशमी, म्हणजे दोन साड्यांच्या भावात फरक का आहे ते त्या बाईंना स्वतःलाच दिसेल, विचारावं लागणार नाही.

सगळ्या लिस्टचा अंदाज द्यायचा असेल तर, समजा, 'प्राइसेस रेंज फ्रॉम 2,500 टू 9,000 रुपीज, डिपेंडिंग ऑन द जरी'. 'प्राइस्ड अकॉर्डिंग टू द जरी' पण चालेल, त्यात चूक नाही. 'ॲज पर' मात्र ऑफिसच्या कागदासारखं वाटतं, साडीच्या लिस्टमध्ये मी तरी घालणार नाही. आणि 'चीप प्राइस' टाळा, साडी चीप असते, प्राइस लो असते, शिवाय चीप म्हटलं की माल हलका असाही वास येतो, म्हणजे परत तुमचा तोच घोटाळा.

कुरियरचा खर्च रकमेवर ठरत असेल तर तिथे किंमत खरोखरच खुंटी आहे, पण 'शिपिंग डिपेंड्स ऑन अमाउंट' लिहून थांबू नका, किती रुपयांच्या वर फ्री तो आकडा टाका. रंगामुळे भाव बदलत नसेल तर 'द प्राइस डज नॉट डिपेंड ऑन द कलर', आणि 'इंडिपेंडंट' वापरलंत तर मात्र पुढे 'ऑन' नाही, 'ऑफ' येतं.