बाळंतिणीचं मन ओळखताना: नव्या आशाताईंना

ताई, तिसऱ्या दिवशीच्या भेटीत बाळंतीण रडताना दिसली तर लगेच घाबरू नका. पहिल्या काही दिवसांत रडू येणं, चिडचिड होणं बऱ्याच जणींना होतं आणि साधारण 2 आठवड्यांत ओसरतं. म्हणूनच 14व्या आणि 21व्या दिवसाची भेट चुकवू नका. तेव्हाही तेच चालू असेल, तर नैराश्याची शंका घ्या.

‘झोप लागते का?’ असं विचारलंत तर प्रत्येक बाळंतीण नाहीच म्हणेल. ‘बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का?’ असं विचारा. गरोदरपणातही हेच: थकवा, भूक नसणं पोटुशीपणाच्या नावावर खपून जातं. तिथे आवडीच्या कामात मन लागतं का, ती स्वतःलाच दोष देते का, ते बघा. आणि हे एकटीला गाठून विचारा. सासूबाई बसल्या असतील तर उत्तर त्याच देतात.

नैराश्य ओळखायला वापरतात त्या एडिनबरा प्रश्नावलीत 10 प्रश्न असतात, गेल्या 7 दिवसांबद्दल. 30 पैकी 13 किंवा जास्त गुण आले, की डॉक्टरांकडे न्या. हिमोग्लोबिन, थायरॉइडही तपासून घ्यायला सांगा. दहावा प्रश्न जिवाला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे ‘कधीच नाही’ सोडून काहीही उत्तर आलं, तर बेरीज कमी असली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

रात्रंदिवस जागी, असंबद्ध बोलणं, कानात आवाज: ही बाहेरची बाधा नव्हे, गंभीर मानसिक आजार आहे. तिला बाळाजवळ एकटी न ठेवता ताबडतोब रुग्णालयात हलवा. फोनवर सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक घरच्यांना लिहून द्या.