स्कीइंगआधीची मालीश: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चौघे मित्र जानेवारीअखेर गुलमर्गला सात दिवस स्कीइंग शिकायला जातोय. वय ३५ ते ४२, चौघांचंही काम बसून. मागच्या हिवाळ्यात गेलेल्या एका मित्राच्या मांड्या तिसऱ्या दिवशी इतक्या भरून आल्या, की त्याला कमोडवर टेकता येईना. निघायच्या आदल्या दिवशी त्याने चांगली रगडून मालीशही करून घेतली होती. मग असं का झालं? आम्ही काय करावं? — एक वाचक, धरमपेठ

उत्तर : त्याची तारीख चुकली, आणि मालिशीकडून अपेक्षाही जरा जास्त होती.

स्कीवर उतरताना गुडघे सतत वाकलेले असतात. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार धरून ठेवतो. जिना उतरताना हेच होतं, पण तिथे दोन मिनिटांत सुटका होते. सवय नसलेल्या स्नायूच्या तंतूंना या कामाने बारीक इजा होते आणि दुखणं २४ ते ७२ तासांत टिपेला पोचतं, म्हणून तिसरा दिवस सगळ्यात वाईट जातो. मालिशीने ते थोडं कमी होतं, टळत नाही. ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय, रगडून काढतो’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. व्यायाम थांबल्यावर तासाभरात ते आपोआप ओसरतं.

टाळायचं असेल, तर स्नायूला तेच काम आधीपासून थोडंथोडं द्यावं लागतं. जायच्या सहा आठवडे आधी सुरू करा. साधारण २० सेंटीमीटरच्या पायरीवर एका पायावर उभं राहा आणि दुसरी टाच तीन सेकंद मोजत जमिनीला टेकवा. प्रत्येक पायाने ८ वेळा, अशा तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. उभा गुडघा आत कलंडत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या. नागपुरात उतार शोधावाच लागतो. सेमिनरी हिल्सचा रस्ता चालेल. मात्र तिथे चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्या, आणि सावकाश उतरा.

आता मालीश. या सहा आठवड्यांत आठवड्यातून एकदा, व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी, ४५ मिनिटं पुरे. शेवटची खोल मालीश निघण्याच्या तीन-चार दिवस आधी. रगडलेला स्नायू एक-दोन दिवस हळवा राहतो, आणि तुमचा मित्र तसाच बर्फावर उतरला. आदल्या दिवशी फक्त १५ मिनिटं हलका हात फिरवा.

घरी करायची असेल तर खुर्चीवर बसून पाय किंचित पुढे सोडा, मांडी सैल पडली पाहिजे. एका पायाला चमचाभर तेल. गुडघ्याच्या वरून कमरेकडे तळहाताने दोन मिनिटं लांब हात फिरवा. मग दोन्ही हातांनी कणीक मळतो तसं मांस उचलून, दाबून, सोडत चार मिनिटं. एखादी जागा कडक लागली तर अंगठा तिथे ३० सेकंद नुसता टेकवून ठेवा आणि श्वास सोडा. श्वास रोखावा लागत असेल किंवा दात आवळले जात असतील, तर दाब जास्त आहे. आवळलेला स्नायू सुटत नाही, उलट विरोध करतो.

मांडीच्या बाहेरच्या कडेची दोरीसारखी पट्टी बहुतेक मालीशवाले जीव खाऊन घासतात. ती स्नायू नाही, चिवट ऊती आहे, घासून लांब होत नाही. त्याऐवजी पँटच्या बाजूच्या खिशाच्या जागी, कमरेच्या हाडाखाली आणि कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात काम करा. मांडीची आतली बाजूही विसरू नका: स्कीची टोकं जवळ आणून वेग आवरताना, म्हणजे स्नोप्लाऊमध्ये, नवशिक्यांची तीच पहिली थकते. गुडघ्याची वाटी, गुडघ्यामागची खळगी आणि जांघ मात्र दाबायची नाही. तिथे नसा आणि रक्तवाहिन्या कातडीच्या जवळ असतात.

प्रश्न : रेल्वेने जम्मूला जाणार. बसून-बसून पोटऱ्या दुखल्या तर हॉटेलात मालीशवाला बोलावला तर चालेल? — एक वाचक, महाल

उत्तर : दोन्ही पोटऱ्या सारख्याच जड असतील तर चालेल, पण आधी २० मिनिटं चाला. एकच पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, दाबल्यावर दुखत असेल, तर कुणालाही हात लावू देऊ नका. थेट डॉक्टरकडे जा. लांब प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. गाडीत दर तासाला उठून डब्यात फेरी मारा, बसल्या जागी टाचा-चवडे उचला. पायावर फुगलेल्या निळ्या शिरा असतील, तर त्यांवर दाब द्यायचा नाही.

प्रश्न : तेल कोणतं? आणि सकाळी बूट घालायच्या आधी बाम लावून मालीश केली तर थंडीत बरं ना? — एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : तिळाचं घ्या, खोबरेल थंडीत गोठतं. सकाळी मात्र तेल नको, बामही नको. बामने कातडी चुरचुरते, आतला स्नायू तापत नाही. तेलकट पाय मोज्यात सरकतो, आणि स्कीच्या कडक बुटात त्याचे फोड नडगीवर आणि टाचेवर येतात. सकाळी १० मिनिटं जागच्या जागी चालणं, १५ उठाबशा आणि घोटे दोन्हीकडे फिरवणं एवढंच करा. तेल संध्याकाळी, कोमट पाण्याने अंघोळ झाल्यावर, हलक्या हाताने, आणि झोपण्याआधी पुसून काढा.