वाचकांचे प्रश्न: व्होल्वोचं नक्की चाललंय काय?

व्होल्वोने 2030 चं ऑल-इलेक्ट्रिक टार्गेट गुंडाळलं अशी चार ओळींची नोंद मागच्या अंकात दिली होती, त्यावर प्रश्नांचा ढीग आला. सारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत. ज्यांनी 'मग कुठली गाडी घेऊ' असं विचारलंय त्यांना सॉरी, ते काम या सदरात होत नाही.

प्रश्न: 2030 पासून फक्त इलेक्ट्रिक विकणार म्हणाले आणि साडेतीन वर्षांत पलटले. ही सरळ धूळफेक नाही का?

उत्तर: धूळफेक नाही म्हणणार, पण उत्साह जरा जास्तच झाला होता. मार्च 2021 मध्ये घोषणा केली, सप्टेंबर 2024 मध्ये बदलली, आता म्हणतात 2030 पर्यंत 90 ते 100 टक्के विक्री इलेक्ट्रिक आणि प्लग-इन हायब्रिड (इंजिन आणि चार्ज करायची बॅटरी दोन्ही असलेल्या गाड्या) मिळून होईल, उरलेल्यात लागल्याच तर थोड्या माइल्ड हायब्रिड. कारणं दिली ती काही खोटी नाहीत. चार्जिंगचं जाळं पाहिजे तेवढं पसरलं नाही, काही सरकारांनी सबसिडी काढून घेतली (जर्मनीने डिसेंबर 2023 मध्ये तर जवळजवळ रातोरात), आणि चीनमध्ये बनलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांवर युरोप-अमेरिकेने जादा ड्युटी बसवली. व्होल्वो 2010 पासून चीनच्या गीली या कार कंपनीच्या मालकीची, छोटी ईएक्स30 बनायची चीनमध्येच, त्यामुळे हा फटका थेट लागला आणि तिचं उत्पादन बेल्जियममध्ये गेन्टलाही सुरू करावं लागलं.

पण माझं मत विचाराल तर कंपनी काय जाहीर करते त्यापेक्षा काय कायमचं बंद करते ते बघावं, कारण तारीख बदलायला एक प्रेस रिलीज पुरतं पण बंद केलेली लाइन परत उभी करायला वर्षं जातात. 2024 च्या सुरुवातीला त्यांनी शेवटची डिझेल गाडी बनवली आणि विषय संपवला. त्याआधी 2021 मध्ये इंजिनचा सगळा विभाग ऑरोबे नावाच्या वेगळ्या कंपनीत काढला आणि पुढच्या वर्षी त्यातला आपला हिस्सापण गीलीला देऊन टाकला. तारीख सरकली, दिशा नाही.

प्रश्न: प्लग-इन हायब्रिडचं कागदावरचं मायलेज वाचून डोळे फिरतात. खरं असतं का ते?

उत्तर: तुम्ही रोज चार्ज करत असाल तर बऱ्यापैकी खरं, नाहीतर अजिबात नाही. टेस्टमध्ये असं धरलेलं असतं की बरंचसं अंतर बॅटरीवर कापलं जाईल. युरोपात नवीन गाड्यांमध्ये प्रत्यक्षातला इंधनवापर नोंदवणारी सोय सक्तीची आहे, तो डेटा युरोपियन कमिशनने मार्च 2024 मध्ये बाहेर काढला, तर साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचा कार्बन कागदापेक्षा साधारण 20 टक्के जास्त निघाला आणि प्लग-इनचा तब्बल साडेतीन पट! हे सगळ्या कंपन्यांचं मिळून आहे, एकट्या व्होल्वोचं नाही. लोक चार्जच करत नाहीत हो, पेट्रोलवर पळवतात, आणि वर बॅटरीचं वजन फुकट वाहून नेतात. म्हणून 90 टक्क्यांच्या त्या नव्या टार्गेटमध्ये प्लग-इन किती आणि पूर्ण इलेक्ट्रिक किती, ही फोड मला जास्त महत्त्वाची वाटते.

माइल्ड हायब्रिडचं सोपं आहे. 48 व्होल्टची छोटी बॅटरी, ब्रेक लावताना वाया जाणारी एनर्जी थोडी साठवायची आणि सिग्नल सुटल्यावर इंजिनला धक्का द्यायला वापरायची. 2019 मध्ये आणलं तेव्हा व्होल्वोने 15 टक्क्यांपर्यंत बचत सांगितली होती. हायवेवर एका स्पीडने जाणाऱ्याने एवढी अपेक्षा ठेवू नये, ब्रेकच लागत नाही तर साठणार काय.

प्रश्न: मोठी इंजिनं बंद केली त्याने खरंच फरक पडला का?

उत्तर: पडला. 2013 पासून ड्राइव्ह-ई इंजिनं आली, चार सिलिंडरच्या वर आणि दोन लिटरच्या वर काही नाही असं ठरवूनच टाकलं, पाच, सहा आणि आठ सिलिंडरवाली हळूहळू गेली. जास्त ताकद हवी तर टर्बो, आणि त्याच्याही वर हवी तर मागच्या चाकांना इलेक्ट्रिक मोटर.

प्रश्न: इलेक्ट्रिक गाडी बनवतानाच एवढं प्रदूषण होतं की फायदा शून्य, असं व्हॉट्सॅपवर फिरतंय.

उत्तर: अर्धं खरं आहे, आणि गंमत म्हणजे ते व्होल्वोने स्वतःच छापलंय. 2021 मध्ये आपल्या इलेक्ट्रिक सी40 चा पूर्ण हिशोब त्यांनी जाहीर केला. मटेरियल आणि उत्पादनाच्या टप्प्यात सी40 चा कार्बन पेट्रोलच्या एक्ससी40 पेक्षा सुमारे 70 टक्के जास्त. मग ती पेट्रोल गाडीच्या बरोबरीला कधी येते? तर वीज सगळी पवनचक्कीची असेल तर 49,000 किलोमीटरला, युरोपच्या सरासरी विजेवर 77,000 ला, आणि जगाच्या सरासरीवर 1,10,000 ला. त्यानंतर प्रत्येक किलोमीटर फायद्याचा. फॉरवर्डवाले पहिला आकडा सांगतात आणि पुढचे तीन खातात.

प्रश्न: सेफ्टी सेफ्टी करत गाडी रणगाड्यासारखी जड करायची आणि मग मायलेजच्या गप्पा मारायच्या, हे कसं काय?

उत्तर: मुद्दा बरोबर आहे तुमचा. त्यांची मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही ईएक्स90 अडीच टनांच्या वर जाते, सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरीच 111 किलोवॉट-तासाची. वजन वाचवण्यासाठी बोरॉन स्टील वापरतात, गरम करून दाबलेलं, कमी जाडीत जास्त ताकद देणारं, 2014 च्या एक्ससी90 च्या सांगाड्यात ते साधारण 40 टक्के होतं. इलेक्ट्रिकमध्ये ब्रेक लावताना थोडी एनर्जी परत मिळते म्हणून शहरात वजन तेवढं नडत नाही. पण टक्कर झाली तर समोरच्या हलक्या गाडीतल्या माणसाचं काय, याचं नीट उत्तर एकाही कंपनीकडून माझ्या वाचनात आलेलं नाही, व्होल्वोकडूनही नाही.

प्रश्न: 180 चं स्पीड लिमिट हा स्टंटच ना?

उत्तर: बराचसा. 2020 मध्ये व्होल्वोने आपल्या नव्या गाड्यांचा टॉप स्पीड ताशी 180 किलोमीटरवर अडकवला, पण बहुतेक जीव जातात ते त्याच्या कितीतरी खालच्या स्पीडला. त्यापेक्षा 2008 ची सिटी सेफ्टी बघा, पहिल्या एक्ससी60 मध्ये आली, 30 किलोमीटरच्या खाली समोरची गाडी थांबली आणि तुमचं लक्ष नसलं तर ती आपोआप ब्रेक लावायची. तेव्हा खेळणं वाटलं होतं. आता अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेचा अभ्यास सांगतो की असा ऑटो-ब्रेक असलेल्या गाड्या पुढच्या गाडीला मागून ठोकण्याचं प्रमाण जवळपास निम्मं होतं, आणि जुलै 2024 पासून युरोपात प्रत्येक नव्या कारला तो सक्तीचा आहे.

प्रश्न: क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार मिळाले की झालं ना, व्होल्वो असो की आणखी कुठली?

उत्तर: स्टार चांगलेच, पण कंपन्या टेस्ट बघून गाडी बनवतात हेही खरं. 2012 मध्ये आयआयएचएसने नवीन टेस्ट आणली, गाडीचा पुढचा फक्त एक कोपरा आदळायचा. अकरा लक्झरी गाड्या ठोकल्या, त्यात 'गुड' मिळालं दोघींनाच, अक्युरा टीएल आणि व्होल्वो एस60. बाकी नावाजलेल्या गाड्या जुन्या टेस्टमध्ये छान होत्या, कोपऱ्यात उघड्या पडल्या. व्होल्वोची टीम 1970 पासून खऱ्या अपघाताच्या जागी जाऊन मोजमापं घेते, त्यातून असले प्रकार आधीच दिसतात. त्याच नोंदींमधून बायकांना मानेला झटका बसण्याचा धोका पुरुषांपेक्षा जास्त असतो हे दिसलं, मागून धक्का बसल्यावर पाठ आणि डोकं एकत्र सावरणारी सीट 1998 मध्ये आली, आणि 2019 मध्ये हा अभ्यास त्यांनी सगळ्यांसाठी खुला केला.

प्रश्न: ईएक्स90 वरचा लायडर काढून टाकला म्हणे. म्हणजे सेफ्टीतही माघार?

उत्तर: हो, 2026 च्या मॉडेलपासून काढला, सप्लाय चेनची जोखीम कमी करायची असं कारण दिलं. 2022 मध्ये हाच लेझरने समोरचं अंतर मोजणारा सेन्सर गाडीच्या छपरावर मिरवत 'जीव वाचवणारा' म्हणून विकला होता, त्यामुळे लोक चिडले तर चूक नाही. कॅमेरा आणि रडार आहेत, काम चालेल, पण अंधारात लांबचं दिसण्यात लायडरचा हात धरणारं दुसरं काही नाही. मला यापेक्षा रस नव्या ईएक्स60 च्या बेल्टमध्ये आहे. तीन पॉइंटवाला बेल्ट 1959 मध्ये व्होल्वोच्याच नील्स बोलिनने दिला आणि कंपनीने पेटंट सगळ्यांना वापरू दिलं, तोच आता सुधारलाय. टक्कर होताना बेल्ट छातीवर किती जोर पडू देईल याच्या आधी 3 पायऱ्या होत्या, आता 11 आहेत, बसणाऱ्याची उंची, वजन, बसायची पद्धत आणि धक्का किती मोठा हे बघून पायरी ठरते. दणकट माणसाला जोरात धरेल, बारीक माणसाच्या बरगड्या मोडायचा धोका कमी.