खुनी सापडला, जन्मठेप झाली, तरी कॅनडातली आदिवासी कुटुंबं 'न्याय मिळाला नाही' असं का म्हणतात?

मी कॅनडातल्या विनिपेग शहरात राहते, त्यामुळे याचं उत्तर मला इथल्या कचरा डेपोपासूनच सुरू करावं लागेल.

2022 च्या मार्च ते मे या काळात इथे एका माणसाने चार आदिवासी बायकांचा खून केला. त्याचं नाव मी लिहिणार नाही. मृतदेह त्याने कचरापेट्यांत टाकले आणि कचऱ्याच्या गाड्या ते घेऊन गेल्या. त्यातल्या दोघी शहराबाहेरच्या प्रेरी ग्रीन डेपोत असाव्यात असं डिसेंबर 2022 मध्ये पोलिसांनीच सांगितलं, आणि तिथे शोध घेणं शक्य नाही हेही त्यांनीच सांगितलं. पुढच्या वर्षी मॅनिटोबा प्रांताच्या सरकारनेही नकार दिला. कचऱ्यात ॲस्बेस्टॉस आहे, कामगारांच्या जिवाला धोका आहे, असं कारण दिलं. खर्चाचा अंदाज 8.4 ते 18.4 कोटी डॉलरचा होता.

मग कुटुंबं रस्त्यावर आली. तंबू ठोकून बसली. त्यातला एक तळ मानवी हक्कांच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या शेजारी होता. ऑक्टोबर 2023 च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाने 'आम्ही डेपो उकरणार नाही' हाच प्रचाराचा मुद्दा केला, त्याच्या जाहिराती लावल्या. कुणाच्या तरी लेकीला माती मिळू द्यायची की नाही, यावर मतं मागितली गेली. ते फलक आठवले की आजही माझा संताप होतो.

तो पक्ष हरला. वॅब किन्यू मुख्यमंत्री झाले. कॅनडाच्या कुठल्याही प्रांतात फर्स्ट नेशन्सपैकी (इथल्या आदिवासींचा एक मोठा गट) कुणी त्या पदावर बसण्याची ही पहिलीच वेळ. डिसेंबर 2024 मध्ये शोध सुरू झाला, फेब्रुवारीत अवशेष सापडले आणि मार्च 2025 मध्ये दोघींचीही ओळख पटली. दोन वर्षं जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं, ते काही महिन्यांत झालं.

आता खटल्याची तारीख बघा. चारही खुनांत खुनी दोषी ठरला जुलै 2024 मध्ये. म्हणजे निकाल लागला त्या दिवशी त्या दोघी कचऱ्याखालीच होत्या. चौथी कोण हे तर कुणालाच ठाऊक नव्हतं. समाजातल्या वडीलधाऱ्या बायकांनी तिला स्वतःहून नाव दिलं होतं, मश्कोडे बिझिकिइक्वे. बिननावाची राहू नये म्हणून. निकालाचा कागद हातात घेऊन तुम्ही त्या आयांना 'झाला न्याय' म्हणू शकाल का?

हे एका शहराचं दुखणं नाही. 1980 ते 2012 या काळात 1,181 आदिवासी बायका मारल्या गेल्या किंवा बेपत्ता राहिल्या, हा आकडा 2014 च्या राष्ट्रीय पोलिसांच्या अहवालातला आहे. देशातल्या बायकांमध्ये त्या जेमतेम 4 टक्के, पण खून झालेल्यांमध्ये 16 टक्के. 2019 मध्ये राष्ट्रीय चौकशी आयोगाने याला वंशसंहार म्हटलं आणि न्यायासाठी 231 मागण्या मांडल्या. आयोगापुढे कुटुंबं सांगत होती, की तक्रार द्यायला गेलं की 'पिऊन पडली असेल, येईल परत' असं ऐकवलं जायचं. ('पळून गेली असेल' हे आपल्याही कानांना नवं नाही.) सुरुवातीचे हाताशी असलेले दिवस असे जातात. मग पुरावा कुठून राहणार?

ब्रिटिश कोलंबियात प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट हा सुमारे 720 किलोमीटरचा रस्ता आहे, त्याला लोक 'अश्रूंचा महामार्ग' म्हणतात. गाडी नाही, बस नाही, म्हणून मुली अनोळखी माणसांकडे लिफ्ट मागायच्या आणि नाहीशा व्हायच्या. 2006 च्या बैठकीत लोकांनी साधी बस मागितली. ती 2017 मध्ये सुरू झाली.

माझ्याबरोबर काम करणारी एक क्री या आदिवासी समाजातली बाई आहे. तिची मुलगी कामावरून निघताना फोन करते, बसमध्ये चढल्यावर करते, घरी पोचल्यावर पुन्हा करते. मुलगी तिशीची आहे. फोन वाजेपर्यंत ही बाई जेवायला बसत नाही.

चौथ्या बाईचं खरं नावही मार्च 2025 मध्ये कळलं. ती ब्रेडी रोड या दुसऱ्या डेपोत असावी असं पोलिसांनी सांगितलं. या वेळी तिच्या घरच्यांना तंबू ठोकावा लागला नाही; शोध घेऊ, हे मुख्यमंत्र्यांनी लगेच जाहीर केलं.