तिसऱ्यांदा नीट, की भ्रूणाचा अभ्यास?

आपले पत्र वाचले. मुलीने दोनदा नीट दिली, प्रवेश हुकला, आणि भ्रूणातील अवयव कसे वाढतात याचे चित्रण व संगणकीय प्रारूपे यांत संशोधन करायचे असे ती आता म्हणते. तिसऱ्या प्रयत्नासाठी क्लास कोणता, असे आपण विचारता. पत्रात तिच्या गुणांना दीड पान आणि तिच्या म्हणण्याला एक ओळ आहे. त्याहून अस्वस्थ केले ते ‘हट्ट सोडेपर्यंत मी तिच्याशी बोलणार नाही’ या वाक्याने. दोन वर्षे अपयश सोसूनही जिने स्वतःहून एक विषय शोधला, तिचा अभिमान वाटायला हवा; अबोला धरून आपण तिला इतकेच शिकवीत आहात की वडिलांची माया प्रवेशयादीवर ठरते. तो अबोला आजच सोडा.

‘हे तर सोनोग्राफी सेंटरमधले काम’ हा आपला समज चुकीचा आहे. अशा संशोधनात वापरल्या जाणाऱ्या झेब्राफिश या छोट्या माशाचा भ्रूण पारदर्शक असतो आणि फलनानंतर साधारण २४ तासांत त्याचे हृदय धडधडू लागते. प्रकाशाच्या पातळ पात्याने एका वेळी एकच थर उजळणाऱ्या सूक्ष्मदर्शकामुळे ही घडण, भ्रूणाला फारशी इजा न होता, तासन्‌तास टिपता येते. कोणती पेशी कोठे सरकली, केव्हा विभागली याचा माग संगणक काढतो, आणि आकार कशामुळे येतो हे समीकरणांत मांडून चित्रणाशी ताडले जाते. दोन रसायनांच्या परस्परक्रियेतून आकृतिबंध उमटू शकतो, हे गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये मांडले. उंदराच्या भ्रूणात बोटे वेगळी कशी होतात याचे त्याच धर्तीचे प्रारूप बार्सिलोनातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले.

तेव्हा तिची खरी उणीव नीटचे गुण ही नसून अकरावीत सुटलेले गणित ही आहे, आणि ते ‘डॉक्टरला काय कामाचे’ म्हणून आपणच सोडायला लावलेत. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) आणि प्रोग्रामिंग यांची तयारी तिला आतापासूनच करावी लागेल. त्यावाचून नुसत्या आवडीवर हा रस्ता पुढे जात नाही, हेही तिला स्पष्ट सांगा.

आयसर आणि नायसर या विज्ञानाचे शिक्षण व संशोधन चालणाऱ्या केंद्रीय संस्था; आयसरसाठी त्यांची अभियोग्यता चाचणी आणि नायसरसाठी नेस्ट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. बारावी कोणत्या वर्षी उत्तीर्ण झालेली चालते, ही अट आधी पाहावी. पोटापाण्याचे म्हणाल, तर पीएच.डी. करताना मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, मात्र तिथवर पोचायला काही वर्षे लागतात आणि पुढे स्थिर पद मिळवणे सोपे नाही. क्लासचे शुल्क या आठवड्यात भरायचे आहे असे आपण लिहिले आहे. तिच्याशी बोलल्याशिवाय ते भरू नका.